वशाटाची भूक

कुर्ली म्हणजे आमचा खेकडा. ती काय खाते, असं मला चार वर्षांपूर्वी कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, "तुका काय करूचा हा? ती काय खाता ता तिका म्हायत. आपण तिका खातंव, इतक्या पुरे!" धोंडखोलच्या खाडीकाठी आमच्या सात पिढ्या गेल्या, पण कुर्लीच्या पोटात वाकून कोणी बघितलं नव्हतं. ते बघितलं माझ्या धाकट्या बहिणीने. केतकीने. आणि बघून गप्प बसली असती तर आमची ती कसली!

मी दर्शना कोचरेकर. लग्न झालं होतं, दोन वर्षांत नवऱ्याला आणि मला दोघांनाही कळलं की आपलं जमायचं नाही, तेव्हा मी माहेरी परत आले. आई आधीच गेली होती. घरात मी आणि बाबा. बाबा म्हणजे गुणाजी तांडेल, तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, एके काळी वाऱ्याचा नुसता वास घेऊन होडी परत फिरवणारा माणूस. दोन हजार चाळीसच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांग झालं. डावी बाजू गेली. हलणं गेलं, जाणीवही गेली. चिमटा काढला तरी कळायचं नाही. डावा पाय म्हणजे त्यांच्या खाटेवर कोणी आणून ठेवलेलं सामान. मी तो उचलायचे, पुसायचे, परत ठेवायचे. बोलणंही तुटक झालं होतं, पण हट्ट शाबूत. शहरात ने म्हटलं की उजव्या हाताने खाटेची पट्टी धरून म्हणायचे, "मी... हय." हय म्हणजे इथे, या घरात. संपला विषय.

घर आमचं वाडीतलं शेवटचं. मागीलदारी खारबांध, बांधापलीकडे कांदळवन, त्यापलीकडे खाडी. वाडीकडे जायचा रस्ताही त्याच बांधावरून.

केतकी समुद्रातल्या जीवांची डॉक्टर. मी तिला चिडवायचे, "माझ्या गुडघ्याचा काय ता सांग गो, कुर्लेचा मागाहून बघ." ती गोव्याकडच्या एका संस्थेत होती. बाबा आजारी पडले त्याच वर्षी ती तिचा मोठा प्रयोग घेऊन आमच्याच खाडीत आली. पहिल्या रात्री जेवता जेवता तिने मला तो समजावला.

"बाय, कांदळाची पानं पडतत, ती जातत खंय?"

"कुर्ल्यो ओढून नेतत बिळात. दिसता मा डोळ्यांनी."

"नेतत, पण लगेच खायत नाय. खावकच येणा नाय तेंका. ताजा पान तुरट, चिवट. बिळात ठेवतत, कुजू देतत, आपण लोणचा मुरवतंव तसा. मगे खातत. आणि मुरासर अर्ध्याहून जास्त पान कुजून वाफ होवन वर जाता. हवेत. जगाक जो ताप चढलोहा तेच्यात आणखी भर."

मग ती म्हणाली की वाळवी लाकूड खाते, पण पचवते वाळवी नव्हे, तिच्या पोटातले जंतू. तसला एक जंतू तिने प्रयोगशाळेत बदलून असा केला होता की तो कुर्लीच्या आतड्यात घर करून राहील. मग कुर्ली पान मुरवत बसणार नाही. पडलं पान की खाल्लं. जे पचणार नाही ते बारीक गोळ्यांच्या रूपाने बिळाच्या तळाशी पडेल, चिखलात गाडलं जाईल, आणि शेकडो वर्षं वर येणार नाही. हवेतला कार्बन झाडाने ओढायचा, कुर्लीने पुरायचा. यंत्र नको, वीज नको.

"म्हणजे कुर्लेची वाळवी करतलंस," मी म्हटलं.

"तसाच समज."

"आणि वाळवी घराक लागली तर?"

ती हसली. मीही हसले. बाबा उजव्या अर्ध्या तोंडाने हसले. तिघांनी पोट भरून सोलकढी प्यायली त्या रात्री.

खोटं कशाला बोलू, पहिली दोन वर्षं दृष्ट लागण्यासारखी गेली. कांदळवनातला पाचोळा निघून गेला, झाडलेल्या खळ्यासारखी जमीन. चिखलाची पातळी चढली, झाडं तरारली. समुद्र दर वर्षी वर येतोय म्हणून आजूबाजूच्या वाड्या रडत होत्या, आमची वाडी कोरडी. पाहुणे यायचे, परदेशी यायचे, केतकीचा फोटो काढायचे. कांदळाखालच्या त्या तांबड्या डेंग्यांच्या, म्हणजे नांग्यांच्या, कुर्ल्या आम्ही कधी खाल्ल्या नव्हत्या; आमच्या खायच्या त्या खाडीतल्या मोठ्या. अंगठ्याएवढ्या असायच्या, मांस काय मिळणार त्यातून? पण आता त्या तळहाताएवढ्या झाल्या. आणि किती! ओहोटीला कांदळाखाली बघितलं तर चिखल हलतोय असं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी जाळी रिकामी यायला लागली. रिकामी म्हणजे, मासे असायचे, पण काटे उरलेले. मग कोंबड्यांची अंडी जाऊ लागली. मग एका घरचं आजारी कोकरू सकाळी नुसतं कातडं होऊन मिळालं.

आता आमच्याकडे असं काही झालं की कोणाला बोलवतात? पोलिसाला नव्हे, डॉक्टरला नव्हे. राखणदाराला. खाडीचा राखणदार आमच्या बांधाच्या मोरीपाशी असतो, म्हणजे माझ्या मागीलदारापासून हाकेच्या अंतरावर. पाषाण आहे एक. वर्षातून एकदा त्याला कोंबडा द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, आणि मग तोच कोंबडा शिजवून पुरुषमंडळींनी तिथेच वड्यांबरोबर हाणायचा. देवाचं नाव आणि गावाचं जेवण. कोणाची तक्रार नव्हती.

पण वाडीचा मानकरी तातू गावकर म्हणाला, "राखणदार रागावलोहा. आपण तेका दाखवतंव आणि आपणच खातंव. ह्या टायमाक कोंबो अख्खो ठेवूचो." आणि त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा राखणदारा, लेकरांचा काय चुकला-माकला आसात ता पदरात घे, आणि ह्यो मान मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हटलं.

अमावस्या होती, उधाणाची भरती. आमच्याकडे अमावस्या-पुनवेची भरती ऐन दुपारी चढते. पाणी उतरल्यावर पाहिलं तर पाषाणापुढे पिसं. हाडंसुद्धा चोखून पांढरी केलेली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. देवाने घेतलं! तातू गावकर माझ्याकडे बघून म्हणाला, "आता इश्वास बसलो?" मी म्हटलं, "तातूनू, आमच्या राखणदारान आदी कधी हाडा चोखूक नाय." तर तो म्हणाला, तुझी जीभ सांभाळ.

मग प्रत्येक उधाणाला कोंबडा. पुढे दोन, मग चार. जाळी काही भरेनात, पण देव घेतोय ना, मग देत राहायचं. दर अमावस्या-पुनवेला माझ्या मागीलदारी ताट मांडलं जात होतं आणि सगळा गाव हात जोडून उभा असायचा.

त्या मार्गशीर्ष अमावस्येच्या आदल्या सकाळी मी बाबांना पुसायला घेतलं. कोमट पाणी, पंचा, रोजचं. बाबा खुशीत होते, चहा मागत होते. मी चादर काढली.

डाव्या पायाची करंगळी नव्हती.

रक्त फार नव्हतं. कडा स्वच्छ होत्या. शेजारच्या बोटाचं टोकही गेलेलं. बाबा माझ्याकडे बघून हसत होते, त्यांना काही म्हणता काही जाणवलं नव्हतं. मला किंचाळायचं होतं. हातातला पंचा पिळत मी तशीच उभी राहिले.

"काय... गो?"

"काय नाय बाबानू. च्याय ठेवतंय."

खाटेखाली ओल्या चिखलाचा छोटा ढीग होता. तिथून एक ओली रेघ न्हाणीच्या मोरीपर्यंत गेली होती. मी मोरीत गोणपाट कोंबलं, वर पाटा ठेवला, पाय बांधला आणि गोव्याला संस्थेत परत गेलेल्या केतकीला फोन केला. काय बोलले ते आठवत नाही. शिव्या पुष्कळ दिल्या असणार, कारण ती मध्येच म्हणाली, "बाय, शिवी मगे दी. पाय वर बांधून ठेव, आणि आज रात्री दिवो मालवू नको."

ती अमावस्येच्या सकाळी आली, बिनचालकाची रुग्णगाडी घेऊनच. गाडी खळ्याच्या तोंडाशी उभी राहिली. केतकी आत आली, बाबांचा पाय सोडून बघितला आणि परत बांधला. चेहरा पांढराफटक. मग मागीलदारी जाऊन तिने चिमट्याने एक कुर्ली धरली, तिचा डेंगा मोडून तिच्या त्या डब्याएवढ्या यंत्रात घातला आणि पडद्याकडे बघत बसली.

"बोल," मी म्हटलं.

"नायट्रोजन दोन तरेचो आसता," ती हळू आवाजात म्हणाली. "एक हलको, एक वायच वजनदार. जो प्राणी दुसऱ्याचा मांस खाता, तेच्या अंगात वजनदार साचत जाता. पान खाणाऱ्यात कमी, मासो खाणाऱ्यात जास्त, माशाक खाणाऱ्यात आणखी जास्त. ह्या कुर्लेचो आकडो..." ती थांबली. "बाय, हो आकडो वाघाच्या पंगतीतलो आसा."

"माका समजात असा सांग."

तिने डोळे मिटले. "पानात कार्बन पोतीभर आणि नायट्रोजन चिमूटभर. नुसतो भात आसा तो, बाय. वशाट नाय." वशाट म्हणजे आमच्याकडे मासळी-मटण. ते नसलं तर आमच्या घशाखाली घास उतरत नाही, हे तिला वेगळं सांगायला नको. "आदी ती पान मुरवी, तेच्यार जंतू वाढत, चिखलातला शेवाळ खाय, एखादो मेलेलो मासो. तेच्यातसून वशाट मिळा. वाढ कमी, पिल्ला कमी. सगळा हिशोबात. मी तिका ताजो भात खावक शिकयलंय. ती वाढली, तिची पिल्ला वाढली, ताकद इली. पण अंग घडवक, कवच बदलूक, अंडी घालूक नायट्रोजन लागता, आणि तो पानात नाय. जितकी पाना खातत, तितकी वशाटाची भूक वाढता. नी आता खाडीत वशाट उरला नाय."

"ह्या तुका आदी समाजला नाय? दोन वर्सा टाकयेत घालून बघी होतंस मा तू?"

"टाकयेत आमी रोज मासळेची भुकटी टाकी होतंव," ती म्हणाली. "टाकी म्हटली की टाकतत ती. सवयीन. तेंका तिकडे कमी पडलाच नाय."

माझा हात उठला होता. मारलं नाही, पण उठला होता हे खरं. इतकी पुस्तकं, इतके पुरस्कार, आणि भाताबरोबर आमटी कोण घालतंय हे कोणाच्या ध्यानात आलं नाही! करायला गेली गणपती आणि झाला मारुती, तोही माझ्या बापाच्या उशाशी.

"आणि हय कित्याक येतत? आमच्याच घरात?"

तिने मागीलदारी पाषाणाकडे बघितलं. तिथे गावकराची माणसं सकाळीच येऊन कोंबडे बांधून गेली होती. "तुमी तेंका हय बोलावल्यात," ती म्हणाली. "दर उधाणाक, ह्याच जाग्यार. तेंका वाट दाखयल्यात."

भांडायला वेळ नव्हता. भरती चढायच्या आत निघायचं होतं.

आणि बाबा निघेनात. खाटेची पट्टी धरली त्यांनी. "मी... हय." केतकी समजावते, मी विनवते, पकड सुटत नाही. लुळ्या माणसाच्या एका हातात एवढा जोर कुठून येतो देव जाणे! शेवटी मी रडत रडत ओरडले, "बाबानू, कुर्लेन तुमचा बोट खाल्ल्यान! तुमका कळला पण नाय!" आणि पायाला बांधलेलं फडकं सोडून पाय दाखवला.

बाबा बघत राहिले. मग अर्ध्या तोंडाने हसले. जन्मभर कुर्लीचं सार ओरपणारा माणूस. "फिटां... फाट," म्हणाले. आणि खाटेची पट्टी सोडली.

पण तोवर उशीर झाला होता. पाय परत बांधून आम्ही त्यांना उचलून चाकांच्या खुर्चीत बसवतोय तोच बाहेर मोठ्याने धस्स झालं. तीन वर्षं कुर्ल्यांनी बांधात बिळं केली होती. वरून बांध दिसायचा, आत चाळण झालेली. उधाणाचं पाणी टेकलं आणि मोरीकडचा भाग बसला. गाडीतून गोड आवाज आला, "पुढील मार्ग असुरक्षित होत आहे. वाहन सुरक्षित स्थळी परतत आहे." मी धावत गेले, दारावर थापा मारल्या. "अगो थांब! मेले, थांब! पेशंट आसा आत!" ऐकायला तिच्यात होतं कोण? बांध पुरता फुटायच्या आत ती निघून गेली. तिच्यामागे रस्ता पाण्यात गेला. केतकीने वाडीत फोन लावला. तातू गावकर म्हणाला, होडी काढतो, पण फुटक्या बांधातून ओढ एवढी आहे की पाणी उतरल्याशिवाय होडी घालणं शक्य नाही.

ऊन लखलखत होतं. डोक्यावर सूर्य, आकाश निळं, नारळाच्या झावळ्या चमकतायत, आणि मागीलदाराने पाणी येत होतं. पाण्याबरोबर त्या. आवाज कसा सांगू? वाळलेल्या शेंगा टोपलीत हलवाव्यात तसा, पण चारी बाजूंनी. बांधलेले कोंबडे एकदाच ओरडले, मग गप्प झाले.

बाबांना परत खाटेवर घातलं. खाट आम्ही दोन टेबलांवर चढवली, कशी चढवली तेही आठवत नाही. दारं लावली. पाणी फटीतून आलं, मोरीतला पाटा उलटला. गुडघाभर पाण्यात आम्ही दोघी, एकीच्या हातात कोयता, दुसरीच्या हातात खराटा. कुर्ल्या टेबलांच्या पायांवरून चढत होत्या. मारली की पडायची, पडली की बाकीच्या तिलाच खायच्या. तेवढाच आम्हाला दम मिळायचा.

ते केतकीच्या ध्यानात आलं. "बाय, घरात वशाट काय काय आसा? सगळा काढ!"

सुकटीची गोण होती पावसाळ्यासाठी राखलेली. मूठ मूठ खिडकीतून बाहेर फेकली. काय सांगू, खोलीतलं अर्धं पाणी तांबडं झालं होतं ते एकदम मोकळं झालं! सगळ्या खिडकीकडे. आम्ही हसलो सुद्धा, वेड्यासारख्या. मग सुके बांगडे. मग अंडी. मग दुधाची पावडर, मसूर, तुरडाळ. डाळीतही नायट्रोजन असतो म्हणे, पण डाळीला त्यांनी तोंड लावलं नाही. मग माझ्या कोंबड्या. खुराडं पडवीत टांगलेलं होतं. सात कोंबड्या एकामागून एक बाहेर फेकल्या. शेवटची रवणीची होती, पोटाखाली पिल्लं घेऊन बसलेली. ती माझ्या हाताला चोचीने बोचत होती. मी डोळे मिटले आणि फेकली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

"पाणी कधी उतरात?"

"एवढ्यात भरती थांबात," केतकी म्हणाली. "थांबली की उतरूक लागात. तासभर, बाय. एक तास."

तासभर! घरात आता वशाट म्हणजे आम्ही तिघं.

त्या परत आल्या. या वेळी जास्त. माझ्या पोटऱ्यांना डेंगे लागत होते, रक्त लागलं की आणखी येत होत्या. केतकी घसरली आणि पाण्यात गेली. मी तिला केसांना धरून वर काढलं, तिच्या मानेवर, हातांवर त्या लोंबत होत्या. ती किंचाळत होती, "बाबांका बघ! बाबांका बघ!" पण मी तिला सोडणार कशी? बाबांच्या खाटेकडे पाठ करून मी एकेक कुर्ली तिच्या अंगावरून ओरबाडून काढत होते, आणि मला ठाऊक होतं की मी ज्याच्याकडे पाठ केली तो गेला. तिघांना वाचवायला दोन बाया पुरत नव्हत्या.

आणि एकाएकी सुटलो. केतकीच्या अंगावरच्या कुर्ल्या आपणहून पडू लागल्या. माझ्या पायांभोवतीचं पाणी मोकळं झालं.

"गेल्यो!" मी ओरडले. "केतकी, गेल्यो गो! पाणी उतारला!"

पाणी उतरलं नव्हतं. ते माझ्या मांडीशी तसंच होतं. केतकी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, आणि तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

मी वळले. बाबांनी उजव्या हाताने आपला डावा पाय उचलून खाटेच्या पलीकडे, भिंतीकडच्या बाजूला, पाण्यात सोडला होता. बांधलेली पट्टी त्यांनी आधीच सोडून टाकली होती. मग त्याच हाताने खिडकीचा गज धरून ते बसले होते. शुद्धीवर. आमच्याकडे बघत. त्या पायाभोवतीचं पाणी तांबडं होतं, आणि उकळत असल्यासारखं हलत होतं.

"बाबानू!"

"ऱ्हव," ते म्हणाले, राहू दे म्हणून. "लागणा... नाय. ऱ्हव."

आम्ही दोघी धावलो. पाय ओढायला गेले तर त्यांनी गज सोडून माझ्या हातावर फटका मारला. लहानपणी चुलीत हात घालायला जाताना मारायचे तसा. केतकीने त्यांचा हात धरला, मी पाय धरला, पण तो पाय उचलेना, एवढ्या लटकल्या होत्या. मी कोयत्याने मारत होते, ओढत होते, मोठमोठ्याने रडत होते. बाबा म्हणत होते, "ऱ्हव गो... ऱ्हव."

पाणी उतरलं तेव्हा त्या गेल्या. उंबऱ्यावरून, मोरीतून, शांतपणे, जेवून उठलेल्या पंगतीसारख्या.

तातू गावकर होडी घेऊन आला तेव्हा मी बाबांच्या मांडीला साडीचा पिळा घट्ट बांधून बसले होते. त्याने आत पाऊल टाकलं, पाहिलं, आणि तसाच बाहेर जाऊन ओकला.

शहरातल्या इस्पितळात बाबांचा पाय मांडीतून कापला. डॉक्टर म्हणाले, वाचतील. दोन दिवस ते गुंगीत होते. केतकी आणि मी बाहेरच्या बाकावर. तिच्या मानेला, हातांना पट्ट्या, माझ्या पायांना पट्ट्या. माझ्या शिव्या संपल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आता पुढे काय? युरिया टाकूया म्हणी होतंस मगाशी, संस्थेतल्या लोकांका फोनार."

"युरिया टाकलो तर चिखलात शेवाळ वाढात. हळूहळू तेंका तेच्यातसून मिळाक लागात. काही महिने जातले." ती जमिनीकडे बघत होती. "पण बाय, तेंका वशाट लागता ता कशाक, सांगितला मा मी? अंड्यांक. आतासर खाऊक नव्हता म्हणान माद्यांची अंडी थांबली होती. आता सुकट गेली, कोंबड्यो गेल्यो..." बाबांचं नाव तिने घेतलं नाही. "एकेक मादी हजारांनी अंडी घालता. जंतू अंड्यांर चिकटलेलो आसताच. पिल्ला ओहोटीबरोबर समुद्रात जातत, महिनाभर तरंगतत, आणि मिळात त्या खाडयेत शिरतत. आपलीच खाडी कशाक? मिळात ती."

"किती खाडयो आसत?"

बाकाखाली फरशी होती, स्वच्छ, कोरडी, खाडी तिथून कोसावर, तरी मी पाय वर घेऊन बसले. ते बघून केतकीनेही घेतले.

नर्सने हाक मारली. बाबा जागे झाले होते. आम्ही दोघी खाटेच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलो. त्यांनी चादरीखालच्या सपाट जागेकडे बघितलं, फार वेळ नाही. मग केतकीकडे.

"प्वाट..." ते म्हणाले. जीभ जड झालेली. "प्वाट भरला... तेंचा?"

पाहुणा जेवून गेल्यावर विचारावं तसं विचारलं त्यांनी. केतकीचे ओठ हलले. ती खरं सांगणार होती, तिला दुसरं येतच नाही. मी खाटेवरून हात लांबवून तिचं मनगट दाबलं.

"भरला, बाबानू," मी म्हटलं. "भरला. आता नाय येवचे."

त्यांचा अर्धा चेहरा सैल पडला. इतक्या दिवसांत तसा मी पाहिला नव्हता.

"मगे... घराक," ते म्हणाले.

"होय. जावया हां. वायच बरे झालात काय जावया."

त्यांनी माझा हात धरला, त्या एका चांगल्या हाताने, आणि डोळे मिटले. केतकी तोंड फिरवून खिडकीकडे गेली. मी उभीच राहिले. पकड घट्ट होती, पण मला सोडवायचीच नव्हती. सोडवली की बाहेर जावं लागणार होतं, आणि तातू गावकराला फोन करून सांगावं लागणार होतं की पुनवेच्या आत वाडी रिकामी करा.